जिथे ग्रीस घालायचं नाही

शिडाच्या बोटींची कामं करते म्हटलं की दिल्लीतला माणूस आधी यमुनेच्या दिशेला बघतो आणि मग माझ्याकडे. नंतर विचारतो, कुठे चालवता? मी चालवत नाही. मला पोहता येत नाही आणि होडीत बसलं की मळमळतं. माझं वर्कशॉप फरिदाबादला आहे. दिल्लीतल्या मराठी माणसाला पानिपतचा रस्ता तोंडपाठ असतो, फरिदाबादचं सेक्टर मात्र तीनदा सांगावं लागतं. आपल्या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या त्या वेगळ्या व्यवसायावर लिहा' म्हणून दोन वर्षं पिच्छा पुरवला. वेगळं काही नाही. लोखंड, पितळ आणि तेल.

पुण्यात मशीन शॉपमध्ये काम शिकले, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे इकडे आले. फरिदाबादला एक गृहस्थ इमारतींच्या साइटवरचे वजन उचलायचे विंच आणि चेन-ब्लॉक दुरुस्त करायचे, ते थकले होते. त्यांचं वर्कशॉप मी घेतलं. त्याच्याबरोबर दोन लेथ आल्या, एक मिलिंग मशीन आलं आणि रामफलजी आले. रामफलजी पलवलकडचे, जुने फिटर. मी हात लावायच्या आधीपासून तीस वर्षं ते तिथे होते, आणि ही गोष्ट त्यांनी मला कधी विसरू दिली नाही.

गुरुग्रामला टॉवर उभे राहत होते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. एक दिवस तिथल्या एका साइट इंजिनिअरने कापडी पिशवीतून पितळेचा एक जडशीळ ढोल आणला. त्याची गोव्यात लहानशी बोट होती. म्हणाला, "हाही विंचच आहे ना, बघा जरा." आम्ही बघितला, चालू करून दिला. त्याने चार जणांना सांगितलं. मग गोव्याहून, कोचीहून खोकी यायला लागली. जुन्या बोटी, जुने मालक. छतरपूरच्या एका फार्महाउसवाल्याने तर दोन विंच पॉलिश करून मागितले, लग्नाच्या स्टेजच्या दोन्ही बाजूंना ठेवायला. आतले दाते नकोत म्हणाला, फक्त चकाकी हवी. रामफलजींनी ते काम दोन आठवडे बाजूला ठेवलं आणि मग कुणाशीही न बोलता उरकलं.

विंच म्हणजे काय ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बोटीच्या कडेला घट्ट बसवलेला धातूचा उभा ढोल, तुपाच्या मोठ्या डब्याएवढा. शिडाचा दोर त्याला तीन-चार वेढे घेऊन येतो. वारा भरला की त्या दोरावर जो ताण येतो तो माणसाच्या हाताला पेलत नाही. म्हणून ढोलाच्या डोक्यात हँडल घालून तो फिरवायचा. आतले गिअर ताकद वाढवतात आणि दोर इंचाइंचाने आत येतो. जुन्या विंचवर एका हाताने हँडल फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने सुटलेला दोर ओढून धरायचा, म्हणजे खरं तर दोन माणसांचं काम. नव्या पद्धतीच्या विंचला वर एक खाच असते, ती दोर स्वतःच पकडून ठेवते, त्यामुळे दोन्ही हात हँडलला लावता येतात. शिवाय दोन गिअर. हँडल सुलटं फिरवलं तर दोर भराभर येतो, उलटं फिरवलं तर सावकाश, पण निम्म्या ताकदीत.

आणि आत असतात कुत्ते. इकडच्या वर्कशॉपमधला हा शब्द. बोटाच्या पेराएवढे धातूचे तुकडे, प्रत्येकामागे केसासारखी स्प्रिंग. ढोल पुढे फिरतो तेव्हा ते दात्यांवरून टकटक करत सरकतात. ढोल मागे जायला लागला की स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते, ते दात्यात अडकतात आणि ढोल थांबतो. शिडातला सगळा वारा त्या पेरांएवढ्या तुकड्यांनी धरलेला असतो.

गिअरना ग्रीस लागतं. कुत्त्यांना पातळ तेलाचा एक थेंब, बस. ग्रीस घातलं तर ते घट्ट होतं, कुत्ता आपल्या खाचेत चिकटून बसतो आणि स्प्रिंगला तो बाहेर काढता येत नाही. हे कारण मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नव्हतं.

दिवेकर पतिपत्नी वर्कशॉपमध्ये आले तेव्हा दिवेकर एकाहत्तरचे होते, शालिनीताई सहासष्टच्या. ते केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. गोव्यात पोस्टिंग असताना शिडाची बोट चालवायला शिकले आणि तिथल्याच एकाची जुनी बोट विकत घेतली. तिचं नाव 'टिटवी'. आता दोघं गुरुग्रामला मुलीकडे राहत होते आणि थंडीचे तीन महिने गोव्याला जाऊन बोटीवर काढत होते. त्यांनी भंगारात निघालेल्या एका परदेशी बोटीवरची नव्या पद्धतीच्या विंचची जोडी मिळवली होती. ती दुरुस्त करून 'टिटवी'वर जुन्यांच्या जागी बसवायची होती.

मी विचारलं, जुने विंच चांगले चालतायत, मग बदलायचे कशाला? दिवेकर सांगायला लागले, पण शालिनीताईंनी त्यांना थांबवलं. त्यांनी नमुन्याला आणलेला जुना विंच बाकाला आवळायला लावला. रामफलजींनी दोराला वजन टांगलं. ताईंनी पदर खोचला, एका हाताने दोर धरला, दुसऱ्याने हँडल. तीन फेरे झाले. चौथ्याला हँडल अर्ध्यावर थांबलं आणि त्यांचा खांदा थरथरायला लागला.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "बोटीवर आम्ही दोघंच असतो. यांना काही झालं तर बोट मला एकटीला परत आणता आली पाहिजे. नव्या विंचवर मला ते जमलं तर बोट राहील. नाही जमलं तर विकायची."

"मला काय होतंय," दिवेकर म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नाही."

मला बाई आवडल्या. काम काय आहे ते एका वाक्यात सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं.

विंच उघडले. गिअर ठीक होते, कुत्ते मिठाने खाल्लेले होते. आम्ही स्टेनलेसचे नवे बनवले, स्प्रिंगा मागवल्या. विंच बसवायचा म्हणजे एरवी ढोल उचलून आतून बोल्ट घालावे लागतात. गोव्यात हे काम कोण सुतार कसं करेल याची मला खात्री नव्हती, म्हणून मी प्रत्येक विंचला खालून एक जाड पाटी केली आणि बोल्ट तिलाच पक्के केले. तिकडे डेकला भोकं पाडायची, विंच ठेवायचा आणि खालून नट आवळायचे. आत काही बघायची गरजच नाही. "उघडायचं नाही," असं दिवेकरांना मी तीनदा बजावलं. या रचनेचा मला अभिमान होता. रचना अजूनही चांगलीच आहे.

जोडणी करताना रामफलजींचा हात ग्रीसच्या डब्याकडे गेला. मी म्हटलं, "गिअर में ग्रीस. कुत्तों में नहीं, सिर्फ तेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे काही बोलले नाही. माझी तशी सवयच आहे. सांगायचं, झालं की पुढच्या कामाला लागायचं. मग दोन्ही विंचवर वजन टांगून ते अर्धा दिवस तसंच ठेवलं, हँडल मोकळं सोडलं. ढोल केसभर हलला नाही. मी कार्डावर सही केली. दुसऱ्या दिवशी फोर्जिंग बघायला गाझियाबादला गेले. पॅकिंग रामफलजींनी केलं.

अडीच-तीन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा, मुग्धाचा, ऑफिसातून फोन आला. बोट विकतोय, म्हणाली, घेणाऱ्याला विंचच्या कामाचा तपशील हवाय, मेल कराल का? मी लिहून घ्यायला लागले. विकायचं कारण तिने स्वतःहूनच सांगितलं.

"आईचं रिस्ट गेलं. पहिल्याच दिवशी, नदीच्या तोंडाशी. पपा दोर त्या वरच्या खाचेत लॉक करायला विसरले. ती हँडल फिरवत होती, ते एकदम उलटं फिरलं आणि तिच्या हातावर बसलं. प्लेट टाकलीय. पपांना आता लक्षात राहत नाही, मी केव्हाची सांगतेय. आता त्यांनाच पटलंय. कारची चावीसुद्धा स्वतः आणून दिली मला."

माझं लिहिणं थांबलं. दोर खाचेतून निसटला तर दोर पळतो. ढोल जागच्या जागी राहतो आणि हँडलही. हँडल उलटं फिरलं याचा अर्थ ढोल उलटा फिरला. ढोल उलटा फिरतो तो एकाच कारणाने. आतल्या कुत्त्यांनी धरलं नाही तर.

मी मुग्धाला विचारलं कुठल्या बाजूचा विंच, आणि तो काढून आधी माझ्याकडे पाठवायला सांगितला. तपासायचा आहे, एवढंच म्हणाले. खात्री झाल्याशिवाय कशाला बोला, असं मी स्वतःला सांगितलं. खात्री झालेली होती.

विंच आला. रामफलजींनीच बाकावर घेतला, वरची रिंग काढली, ढोल उचलला. आत सगळीकडे काळं ग्रीस होतं, साइटवरच्या विंचला वापरतो ते. चिंचोके चिंचेत रुतावेत तसे कुत्ते आपापल्या खाचेत रुतले होते. मी स्क्रू-ड्रायव्हरने एक बाहेर काढला आणि सोडला. तो सावकाश आत गेला आणि तिथेच राहिला. ग्रीसमध्ये समुद्राचं मीठ मिसळून त्याची खळ झाली होती.

रामफलजी ढोल हातात धरून उभे होते.

"मैंने भरी थी," ते म्हणाले.

मी गाझियाबादला गेले त्या दिवशी त्यांनी दोन्ही विंच पुन्हा उघडले होते. हँडल फिरवून बघितलं तर आतून टकटक ऐकू येत होती. त्यांच्या आयुष्यभराच्या कामात आवाज करणारं मशीन म्हणजे दुर्लक्ष केलेलं मशीन. साइटच्या विंचला ब्रेक वेगळा असतो, तिथे ग्रीसने काही बिघडत नाही, उलट चार वर्षं जास्त टिकतं. आणि हे तर खाऱ्या पाण्यात जाणार होतं. सुकं मशीन आपल्या हातून बाहेर कसं जाऊ द्यायचं?

"मैंने मना किया था," मी म्हटलं.

"किया था. मैंने सोचा, आप कंजूसी कर रही हैं. तो अपनी तरफ से भर दी."

दुसरा विंच बोटीवर तसाच होता. इथला साफ करायला वीस मिनिटं लागली असती, डिझेल आणि एक ब्रश. तिकडे फोन करून 'दुसराही पाठवा, जोडीने तपासलेले बरे' असं म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. बोट विकली जाणारच होती. काय घडलं ते दिवेकरांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि मुलीला तेच आधीपासून वाटत होतं. हा विचार माझ्या मनात आला. आला नाही असं लिहिणार नाही. ग्रीसने माखलेला तो कुत्ता हातात धरून मी तो विचार पूर्ण केला. मग मला ती कारची चावी आठवली.

"गुडगाँव जाना है," मी म्हटलं.

"मैं भी चलूँगा," रामफलजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

सोसायटीच्या गेटवर गार्डने मला एका लिफ्टकडे पाठवलं आणि रामफलजींना सामानाच्या लिफ्टकडे. हे माझ्याबरोबर आहेत, असं दोनदा सांगावं लागलं. सतराव्या मजल्यावर दार दिवेकरांनी उघडलं. तीन महिन्यांत माणूस वाळला होता. घरात जागोजागी त्यांच्या ठसठशीत अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. गॅस बंद. दार आतून लावणे. औषध घेतले का. शालिनीताईंचा हात प्लास्टरमध्ये होता. टेबलावर 'टिटवी'च्या कागदांची फाइल काढून ठेवली होती.

मी बसले नाही. म्हटलं, "हँडल तुमच्या विसरण्यामुळे फिरलं नाही. आमच्या कामामुळे फिरलं." वर्तमानपत्राच्या कागदावर एक ग्रीसचा कुत्ता ठेवला, शेजारी एक साफ केलेला, आणि तुम्हाला वर सांगितलं ते सगळं सांगितलं.

दिवेकर खाली वाकून बघत होते. "पण दोर खाचेत नव्हता," ते म्हणाले. "मी पाहिलं ना."

"नसेल. ढोल उलटा फिरला की दोर ढिला पडतो आणि खाचेतून बाहेर येतो. आधी हँडल, मग दोर."

"आधी हँडल." ते बायकोकडे वळले. "शालू, आधी काय झालं?"

शालिनीताईंनी डोळे मिटले. "आधी हात," त्या म्हणाल्या. "मी ओरडले. मग तुम्ही सुकाणू सोडून धावलात. दोर नंतर सुटला. तुम्ही माझ्याजवळ येऊन पोचल्यावर."

दिवेकर उठून स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज येत राहिला. कुणी त्यांच्यामागे गेलं नाही.

मुग्धा आतल्या खोलीतून कानाला हेडफोन लावलेलीच बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे इतके दिवस पपा स्वतःला कोसतायत, आणि हे सगळं तुमच्या निग्लिजन्समुळे?"

"हो," मी म्हटलं. "हवं असेल तर लिहून देते."

"मुग्धा, बस," शालिनीताई म्हणाल्या. मग त्या दाराशी उभ्या असलेल्या रामफलजींकडे वळल्या. ते अजून चपला घालूनच उभे होते. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"बहनजी, ग्रीस मैंने भरी थी," ते म्हणाले. "मॅडम ने मना किया था."

"मॅडम ने ये बताया था कि क्यों नहीं भरनी?"

रामफलजी माझ्याकडे बघून चपला काढायला वाकले. माणूस मला वाचवत होता. ताईंनी मला मराठीत विचारलं, "सांगितलं होतंत?"

"नाही."

"मग चूक दोघांची अर्धी अर्धी," त्या म्हणाल्या. "हात मात्र माझा एकटीचा."

दिवेकर तोंड धुऊन परत आले आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. गॅसवरची चिठ्ठी वाचली, गॅस बंद केला. त्यातल्या काही चिठ्ठ्या खऱ्याच गरजेच्या होत्या, हे ताईंनी मला पुढे सांगितलं. थोडं विसरणं सुरू झालंच होतं. पण थोडं विसरणं आणि बायकोचा हात मोडणं यांत फरक आहे. तेवढाच फरक आम्ही त्या दिवशी त्यांना परत करू शकलो. निघताना त्यांनी रामफलजींना खाली गेटपर्यंत सोडलं, सगळ्यांच्या लिफ्टने.

बोटीचं काय करायचं ते हात बरा झाल्यावर ठरवीन, असं शालिनीताईंनी सांगितलं. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, पण मनगट पूर्ण फिरायला लागलं नाही. उजव्या हाताने त्यांना कुलपात किल्ली फिरवता येईना. मला वाटलं, संपलं. एका मंगळवारी त्या मेट्रोने एकट्या फरिदाबादला आल्या. दोन्ही विंच तोवर आमच्याकडे येऊन, धुऊन कपाटात पडले होते.

"मला हे उघडायला शिकवा," त्या म्हणाल्या. "उघडायचं नाही म्हणालात, तिथेच घोळ झाला. माझा जीव ज्याच्यावर टांगलाय ते मला आतून माहीत पाहिजे."

त्यांना रामफलजींनी शिकवलं. शिकवायचं तर प्रत्येक वस्तूचं 'का' सांगावं लागतं, आणि ते त्यांनी आधी माझ्याकडून मागून घेतलं. हा दाता तिरका का? स्प्रिंग याच बाजूने का? तेल एकच थेंब का? तीस वर्षं काम केलेला माणूस वही घेऊन माझ्यासमोर बसला. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मलाच माहीत नव्हती, शोधावी लागली. ताई डाव्या हाताने जोडायला शिकल्या. पाच-सहा मंगळवार गेले. मी दोन्ही मुठींनी धरता येईल असं आडव्या दांड्याचं हँडल बनवलं, म्हणजे मनगट न फिरवता खांद्याने आणि कमरेने जोर लावता येईल.

शेवटी त्यांनी स्वतः जोडलेल्या विंचवर वजन टांगलं. त्यांनी दोर आत घेतला, टकटक, टकटक, सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशी. चौथा फेरा झाला, दहावा झाला. मग त्यांनी दोन्ही हात सोडून दिले आणि हँडलच्या वाटेतून न हटता तिथेच उभ्या राहिल्या. मी पुढे झाले होते. रामफलजींनी हाताने मला थांबवलं.

ढोल हलला नाही.

"मशीन बोल रही है," रामफलजी म्हणाले.

बोट विकली नाही. त्या हिवाळ्यात दोघं गोव्याला गेले, पुढच्याही. पाऊस सुरू व्हायच्या आधी विंच तपासणीला आमच्याकडे यायचे. बरोबर दिवेकरांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी. उघडून बघणे. मग एक वर्ष खोकं आलं नाही. मी फोन केला नाही. त्या वर्षी कामं फार होती, पण ते कारण नव्हे.

आमच्या कामाच्या कार्डावर आता एक रकाना जास्त आहे. आधी फक्त 'काय करायचं' होता. आता शेजारी 'का'. तो भरायला वेळ लागतो आणि नवे फिटर कुरकुर करतात. तो रिकामा असेल तर मी सही करत नाही, आणि माझ्याच कार्डावर रिकामा दिसला तर रामफलजी काम सुरू करत नाहीत. ते आता आठवड्यातून तीनच दिवस येतात.

यंदा खोकं आलं. आत विंच आणि शालिनीताईंचं पत्र. उजव्या हाताने लिहिलेलं, अक्षर मोठं आणि वाकडं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याहून परत येताना दिवेकरांच्या छातीत दुखायला लागलं. इंजिन चालू होईना. वारा समोरून होता, म्हणजे शीड सतत या बाजूचं त्या बाजूला घ्यावं लागणार, आणि दर वेळी विंच. त्यांनी दिवेकरांना बाकावर झोपवून दोराने बांधलं आणि बोट परत आणली. चार तास. धक्क्यावर अँब्युलन्स उभी होती. त्यानंतर ते सव्वा वर्ष होते. गुरुग्रामला घरीच गेले, झोपेत. 'बोटीवर त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली,' असं पत्रात होतं. 'आवाज येतोय ना? मी म्हटलं, येतोय.'

बोट आहे. यंदाही त्या जाणार आहेत.

खोक्याच्या कोपऱ्यात औषधाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता. त्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं: कुत्ते वेगळे काढून ठेवले आहेत. झीज बघा आणि तसेच परत पाठवा. तेल मी घालीन, बसवीनही मीच.

रामफलजींना मराठी वाचता येत नाही. "क्या लिखा है?" त्यांनी विचारलं. मी आधी पत्र सांगितलं, मग डब्यावरचं. त्यांनी एकेक कुत्ता भिंगाखाली धरून बघितला, कोरड्या फडक्याने पुसला आणि परत ठेवला. झाकण लावलं, डबा कानाशी नेऊन एकदा हलवला.

"सूखे हैं," ते म्हणाले, आणि पॅकिंगला घेतला.